ताटाची डावी बाजू

अंजनीबाईला मूल नव्हतं, रूप बेताचंच होतं आणि जीभ अशी तिखट, की दीक्षितपुऱ्याच्या नळावर बायका तिच्या मागे उभ्या राहतानासुद्धा दोन हात अंतर ठेवून असत. पण तिच्या हाताला चव होती. देवानं एवढं एकच तिच्या पदरात टाकलं होतं आणि ते ती कोणाला विसरू देत नसे. कोणाकडे सवाष्ण म्हणून जेवायला गेली, की पहिला घास घेऊन ती जरा थांबायची. तेवढ्या थांबण्यानं त्या घरच्या बाईचा जीव टांगणीला लागायचा. मग अंजनीबाई म्हणायची, "बरं आहे." घरची बाई आठवडाभर त्या दोन शब्दांचा अर्थ लावत बसायची.

तिचा नवरा गुणवंतराव. त्याचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत नागपूरहून जबलपुरात आलेलं. पुढे भोसलेही गेले आणि चाकरीही गेली. घरात उरली ती हिंदीत निम्मी भिजलेली मराठी, आणि काळ्या मसाल्याची कृती. ही कृती सासूनं अंजनीला लग्नाच्या पहिल्याच वर्षी दिली आणि देताना बजावून सांगितलं, "दोन गोष्टींची गल्लत करायची नाही, बाई. मसाला वेगळा, तोंडीलावणं वेगळं. मसाला पातेल्यात पडते, तो रांधणारीचा. एकदा पडला की पडला, जेवणाऱ्यानं त्यात बोलायचं नाही. तोंडीलावणं ताटात डावीकडे वाढायचं, ते जेवणाऱ्याचं. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं. वाटलं तर लावेल, नाही तर राहू देईल. पण डावी बाजू पुसून परत यायला लागली ना, तर बाईनं समजून जावं."

काय समजून जावं, ते सासूनं सांगितलं नाही. अंजनीला ते न सांगता समजलं.

आता हे शास्त्र कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. माणसं लोणचं आवडीनं खातात, बोटं चाटतात, त्यात रांधणारीचा कसला आलाय अपमान? पण प्रत्येक घराचा एक वेडेपणा असतो, या घराचा हा होता. आणि गुणवंतराव आपल्या आईच्या शाळेतच शिकलेला. स्वभावानं अबोल, इतका की दारात आलेल्या माणसाला बसा म्हणायलाही त्याला घटकाभर लागे. एकोणीस वर्षांत त्यानं बायकोला एकदाही "छान झालंय" म्हटलं नाही. तो उजवी बाजू पुसून खायचा आणि लोणच्याची फोड होती तिथे सोडून उठायचा. मग अंजनी त्याच ताटात बसायची. ती शिल्लक फोड ती सगळ्यात शेवटी, सावकाश खायची. एखादीला नवऱ्यानं गजरा आणावा, तशी तिला ती फोड होती. दोघांमध्ये बोलणं असं फारसं नव्हतंच, जे काही होतं ते ताटातून चालायचं.

मग लढाई आली. गावच्या दारूगोळ्याच्या कारखान्याचा भोंगा दिवसातून दोनदा व्हायचा तो तीनदा व्हायला लागला. घमापूरच्या रस्त्यानं सायकलींची रीघ लागली. गुणवंतराव तिथल्या लाकूडखात्यात होता, गोळ्यांच्या पेट्या करायचं काम. पेट्यांची अंजनीला धास्ती नव्हती, पेट्यांत जे जायचं त्याची होती. बेचाळीसच्या संक्रांतीला तिनं त्याला ग्वारीघाटावर नेलं, गुडघाभर पाण्यात उभं केलं आणि ओंजळ भरायला लावली.

"म्हणा, बारुदीला हात लावणार नाही. नर्मदामैयाची शपथ."

"अगं, लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. म्हणा."

त्यानं म्हटलं. ओंजळ सोडली आणि धोतर पिळत काठावर आला. पुढच्या वर्षी श्रावणात कारखान्यात कागद निघाला. पेट्यांना माणसं पुष्कळ होती, गोळे भरायला कमी पडत होती. यादीत गुणवंतरावाचं नाव होतं. नाही म्हणायची सोय लढाईत कोणाला असते? तो दुसऱ्या दिवसापासून तिकडे जायला लागला आणि घरी बोलला नाही. न बोलायची त्याला सवयच होती, त्यामुळे हे वेगळं न बोलणं अंजनीच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते ताट. पितृपक्षाच्या आसपासची गोष्ट. वांग्याची भाजी होती, तुरीचं वरण होतं. तो उठला आणि अंजनी ताटावर बसली, तर डावीकडे लोणच्याची फोड नव्हती. नुसती चोखलेली साल होती. तिला वाटलं, चुकून खाल्ली असेल. दुसऱ्या दिवशी मीठही संपलेलं, लिंबू पिळून पिळून पार चिपाड झालेलं.

"अहो, भाजी अळणी झाली होती का?"

"नाही. काहून?"

"मीठ संपलं तुमच्या ताटातलं."

"संपलं का? अच्छा." एवढं बोलून तो सायकलीला हवा भरायला गेला.

रात्रंदिवस तिनं त्या भाजीचा विचार केला. तिनं चाखली होती. बरोबर होती. पण स्वतःच्या जिभेवर किती भरवसा ठेवायचा? शेवटी तिनं दोष मसाल्यावर ढकलला. दिवसही तसेच होते. जहाजं बंद, त्यामुळे लवंग-दालचिनी मिळेना. निवाडगंजात धने घ्यावेत तर निम्मा भुसा, आणि हिंगाच्या नावाखाली दुकानदार काय देईल त्याचा नेम नाही. अंजनीनं बरणीतला उरलेला मसाला शरयूला देऊन टाकला. शरयू म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. तिला तो मसाला मिळाल्यावर तिचा नवरा महिनाभर दोन पोळ्या जास्त जेवला, ही गोष्ट वेगळी.

अंजनी स्वतः पाटनला गेली. तिथे तिचा भाऊ बाबाराव शाळेत मास्तर होता. त्याच्या ओळखीनं शेतावरचे धने, देठाच्या लाल मिरच्या, तीळ असं सगळं घेऊन आली. नागकेशर आणि दगडफूल तिनं कुठून पैदा केलं ते तिलाच ठाऊक. दोन दिवस ती एकेक जिन्नस मंद आचेवर भाजत बसली. गल्लीत येणारा-जाणारा खोकत होता आणि खोकताना वास घ्यायला थांबत होता. रविवारी तिनं पाटोडीचा रस्सा केला. हा रस्सा गुणवंतरावाचा जीव की प्राण. वर तर्री अशी आली होती की सासू असती तर तिनं सुनेची दृष्ट काढली असती.

तो जेवायला बसला. तिनं वाढलं आणि खांबाला टेकून उभी राहिली. त्यानं एक घास घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला मान वर करून म्हणाला, "थोडा ठेचा आहे का गं?"

एकोणीस वर्षांत त्यानं ताटावर काही मागितलं नव्हतं. अंजनीनं ठेचा आणून वाढला. तिला मुस्कटात मारल्यासारखं झालं होतं आणि मारणारा खाली मान घालून ठेच्याशी पोळी खात होता.

दसऱ्याला दुलीचंद आला. दुलीचंद कारखान्यातला गुणवंतरावाचा जोडीदार, मोकळा माणूस, पोटात काही न राहणारा. विडा तोंडात घालून त्यानं गप्पा मारल्या आणि उठता उठता म्हणाला, "भाभीजी, भैया की सेहत का खयाल रखिए. दिनभर मसाले में हाथ रहता है. दूध-गुड़ तो मिलता है वहाँ, फिर भी."

गुणवंतरावाचा चेहरा उतरला. अंजनीला तो दिसला, पण त्याचा अर्थ तिनं भलताच लावला.

कारखान्यात गोळ्यांत जी पिवळी भुकटी भरत, तिला मजूर मसालाच म्हणत. हातांना लागली की सुटायची नाही, नाकातोंडात जायची, म्हणून भरणाऱ्यांना रोज दूध. तिकडच्या कोणत्याही माणसाला 'मसाल्यात आहे' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नसे. पण अंजनीच्या जगात मसाला एकच होता. दुलीचंदाची पाठ फिरताच ती म्हणाली, "कँटीनमध्ये घातलं का तुम्हाला? मसाला वाटायला?"

गुणवंतरावानं तिच्याकडे पाहिलं. खरं सांगायची वेळ होती ती. त्याला ग्वारीघाटचं पाणी आठवलं असावं, किंवा तिचा जीव किती भितो ते आठवलं असावं. तो म्हणाला, "हं. लढाई आहे. सांगतील ते करायचं."

झालं. सगळ्या गोष्टींचा तिच्यापुरता उलगडा झाला. बोटं पिवळी का, तर हळद. दूध का, तर कँटीन. आणि जिभेचं काय झालं, तर हजार माणसांचं तेलात बुडवलेलं जाळ जेवण रोज दुपारी चाखून चाखून ती बिघडली, आता बायकोचा मसाला मिळमिळीत लागतो. घरी ज्यानं कधी पळी हातात धरली नाही, तो तिकडे कढयांवर उभा राहतो आणि इथे येऊन ठेचा मागतो! सवतीचा मत्सर अंजनीला कधी करावा लागला नव्हता. तो तिनं आता एका कँटीनचा केला.

एक गोष्ट मात्र तिला कळायला हवी होती, आणि कळलीही होती. त्याच्या बंडीवर पिवळे डाग पडायचे. हळदीचा डाग दोन उन्हं दाखवली की उडतो, हे अंजनीला कोणी शिकवायला नको. हे डाग उडत नव्हते. उलट उन्हात तांबूस व्हायचे. एकदा तिनं बंडी उजेडात धरून पाहिली, नाकाशी नेली. वास हळदीचा नव्हता. ओळखीच्या कुठल्याच जिनसाचा नव्हता. मसाल्यातलं दगडफूल डोळे मिटून वासानं ओळखणारी बाई ती. तिच्या मनात कुठेतरी पाल चुकचुकली. पण रागाचा आवाज त्याहून मोठा होता. "कसली भेसळीची हळद वापरून राहिले मेले," म्हणत तिनं बंडी परत बादलीत बुडवली.

पौषात तिला त्याच्या सदऱ्याच्या खिशात कागदाची पुडी सापडली. उघडली तर मीठ, तिखट घातलेलं. म्हणजे ताटात वाढलेलंही आता पुरत नव्हतं, हा माणूस तिची पाठ वळली की खिशातून काढून वरून घालत होता. संध्याकाळी तो पाटावर बसला तेव्हा तिनं ती पुडी ताटाच्या मधोमध ठेवली.

"हे काय आहे?"

त्यानं पुडीचा कागद मिटला.

"माझ्या अन्नावर बाजारच्या पुडीचं मीठ? मी मेले का?"

"तोंडाला लागत नाही गं थोडं. तू मनावर घेऊ नको."

"काय लागत नाही? इतकी वर्षं लागत होतं. आता कँटीनचं लागते. तर मग तिथेच जेवत जा न दोन्ही वेळा!"

तो काही बोलला असता तर भांडण झालं असतं, आणि भांडणात कधीकधी खरं बाहेर पडतं. पण मुकाट्यानं पुडी उचलून त्यानं बाजूला ठेवली आणि वरणभात कालवायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून अंजनीनं डावी बाजू वाढणं बंद केलं. मीठ नाही, लिंबू नाही, लोणच्याची बरणी तिनं माळ्यावर चढवली. मसाल्यात मात्र काही कसूर केली नाही, उलट जास्त जीव ओतला. शिक्षा म्हणून अन्न बिघडवावं इतकी ती हलकी नव्हती. तिला जिंकायचं होतं. आपल्या हातचं हा माणूस परत पहिल्यासारखं पुसून खाईल आणि ताटात काही मागणार नाही, एवढंच तिला हवं होतं. मागणं तर थांबलं. पण आता ती ताटावर बसली की उजवीकडची भाजी शिल्लक असायची. आधी थोडी, मग निम्मी. तो घासागणिक पाणी पीत होता. तरीही रोज पाटावर बसायचा, रोज भाजी-पोळीचा घास तोंडात घालून बराच वेळ चावत राहायचा. त्या घासांचं तिला तेव्हा काही वाटलं नाही, याचं मला तिच्याबद्दल फार वाईट वाटतं.

होळीपर्यंत त्याचे सदरे ढगळ झाले. ओठांवर निळसर झाक आली. सायकल तो चढावर हातात धरून चालायला लागला. शरयूनं एकदा भिंतीवरून म्हटलं, "अंजनीताई, भाऊजींचा रंग काही ठीक नाही दिसून राहिला. दवाखान्यात दाखवा एकदा."

"कँटीनचं खाऊन रंग कुठून ठीक राहणार?" अंजनी म्हणाली. शरयूनं मान आत घेतली.

वैशाखात तो कारखान्याच्या फाटकाशी सायकलीवरून पडला. दुलीचंद टांगा घेऊन अंजनीला न्यायला आला. दवाखान्यात पोचली तेव्हा गुणवंतराव खाटेवर होता आणि एक म्हातारा बंगाली डॉक्टर त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहत होता. पापणीच्या आत लाली अशी नव्हतीच. डॉक्टरनं हातांची पिवळी बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "मुँह का स्वाद कब से गया?"

गुणवंतरावानं अंजनीकडे पाहिलं, मग छताकडे.

"पिछली बरसात से. पहले सब कड़वा लगता था, फिर कुछ लगना ही बंद हो गया. मिट्टी खा लो या खाना, एक बात. अचार-नमक से थोड़ा झनझन होता था तो कौर उतर जाता था."

"मसालेवालों का यही है," डॉक्टर कंपाउंडरला म्हणाला.

"कौन सा मसाला?" अंजनीनं मध्येच विचारलं. "कँटीन का?"

डॉक्टरला प्रश्न कळला नाही. उत्तर दुलीचंदानं दिलं, हलक्या आवाजात. "कँटीन का नहीं, भाभीजी. गोले का. बारूद."

बारूद हा शब्द अंजनीनं ऐकला. ओंजळीतलं पाणी, उन्हातली बंडी, माळ्यावरची बरणी, सगळं तिला आठवलं. पण हे नंतर, दोन-चार श्वासांनंतर. त्याच्या आधी, सगळ्यात आधी, तिच्या छातीवरची धोंड उतरली. म्हणजे मेली ती जीभ! मसाला शाबूत होता. भाजी शाबूत होती. आपला हात गेला नव्हता. आठ महिने जी गोष्ट तिला आतून खात होती ती खोटी निघाली, आणि त्या सुटकेनं तिचा चेहरा उजळला. एवढंच नाही, तिला हसू फुटलं. नवरा खाटेवर पांढराफटक पडलेला आणि ती त्याच्या पायथ्याशी उभी राहून हसली.

गुणवंतराव तिच्याकडेच पाहत होता.

"तुझा हात काही गेला नव्हता, अंजनी," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तिला काय हवं आहे ते ओळखून त्यानं ते देऊन टाकलं होतं. "भाजी होती तशीच असेल. मलाच कळत नव्हती."

अंजनीचं हसू तोंडावरच थिजलं. ती वळून डॉक्टरला म्हणाली, "वाचतील ना हे? बच जाएँगे ना?" प्रश्न बरोबर होता, पण तो दुसऱ्या नंबरला आला होता, आणि ते त्या दोघांनाही कळलं होतं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेला.

त्यानंतर तो अकरा दिवस होता. अंजनी रोज दोन वेळा डबा घेऊन जायची. लिंबू, मीठ, ठेचा, जवसाची चटणी, सगळं वेगवेगळ्या वाट्यांत मांडायची आणि एकेक बोटानं त्याच्या जिभेला लावायची. तो नको म्हणत नसे. तिला सांगायचं होतं, मी मसाला शाबूत निघाला म्हणून हसले नव्हते. पण ते खोटं झालं असतं. खोट्यानं त्या दोघांचं आधीच पुष्कळ नुकसान केलं होतं. तेव्हा ती काहीच बोलली नाही, आणि बाराव्या दिवशी सकाळी त्याला ग्वारीघाटावर नेलं.

लढाई संपली तरी अंजनीबाई पुढे पुष्कळ वर्षं जगली. लोकांच्या लग्नामुंजीत रांधून तिनं पोट भरलं आणि शेवटपर्यंत तिच्या हाताची चव गेली नाही, असं जबलपुरातले सगळे मराठी लोक सांगतात. कोणी तोंडावर तारीफ केली की ती उठून आत जायची. बायकांना वाटायचं, तिला नवरा आठवतो. आठवतच होता. नवरा गेल्याचं दुःख तिला चारचौघींत रडता येत होतं, ते ती रडलीही. पण तो मरायला टेकलेला असताना आपण आधी हसलो आणि त्यानं ते पाहिलं, हे ती कोणाजवळ रडणार होती?